पिवळी रेघ, पुढे सायकल

ताम्हिणीचा रस्ता घ्या, पानशेतचा घ्या, नाहीतर माळशेजचा. शनिवारची सकाळ, गाडीत चार मित्र, मागच्या सीटवर वेफर्सचा पुडा फुटलेला आणि गाणी फुल्ल व्हॉल्यूमवर. मूड एकदम सही! आणि अशा वेळी वळणावर पुढे दिसते एक सायकल. स्पीड पंधरा. रस्ता दोनच लेनचा, मधोमध पिवळी रेघ, तीही अखंड. मागे एक एसयूव्हीवाला आपल्या डिकीला नाक लावून हॉर्न बडवतोय.

आता सांगा बॉस, काय करायचं?

हा प्रश्न मी आमच्या ऑफिसात लंच टेबलवर टाकला. चार जणांची पाच उत्तरं आली. एक म्हणाला, हॉर्न मारायचा, तो खाली उतरतो. दुसरी म्हणाली, थोडंसं उजवीकडे घेऊन ‘कट’ मारायचा, जागा होते. तिसऱ्याचं म्हणणं, पिवळी रेघ वगैरे पुस्तकात असते, समोर कोणी नसेल तर बिनधास्त जायचं. चौथा म्हणाला, मागे थांबायचं. मग तोच पुढे म्हणाला, ‘पण कोण थांबतं यार?’

इंजिनियर, एमबीए, सीए अशी सगळी शिकलेली मंडळी. सगळ्यांकडे लायसन्स. आणि रोजच्या रोज समोर येणाऱ्या या साध्या प्रसंगाबद्दल एकाचंही दुसऱ्याशी जुळेना. म्हणून म्हटलं, या आठवड्यात याच विषयाचा फंडा क्लिअर करू. कारण यात पणाला लागतो तो सायकलवरचा माणूस. आपल्या बंपरचं फार तर पेंटिंग होतं.

रेघांची भाषा

आधी बेसिक. रस्त्याच्या मधली रेघ तुटक असेल तर समोरचा रस्ता मोकळा बघून ती ओलांडता येते. अखंड असेल तर नाही. दोन रेघा शेजारी शेजारी असतील, एक तुटक आणि एक अखंड, तर आपल्या बाजूला जी आहे ती आपली. तुटक आपल्याकडे असेल तर आपल्याला परवानगी, समोरच्याला नाही. दोन्ही अखंड असतील तर दोघांनाही नाही. संपला धडा.

ही रेघ कोणी सहज हौसेने ओढलेली नसते. जिथे पुढचं दिसत नाही तिथे ती अखंड होते: वळण, चढाचा माथा, अरुंद पूल. म्हणजे जिथे तुम्हाला वाटतं ‘समोर कोणी नाहीये’, तिथे ती सांगत असते, ‘समोर कोणी आहे की नाही ते तुला दिसतच नाहीये.’ या दोन वाक्यांत फरक आहे. घाटात राहणाऱ्या लोकांना तो चांगला माहीत असतो.

टेप घेऊन बसू

आता लंच टेबलवरच्या ‘कट मारायचा, जागा होते’ या थिअरीकडे येऊ. होते का खरंच?

आपल्याकडच्या दोन लेनच्या रस्त्याची रुंदी साधारण सात मीटर धरतात. म्हणजे एका बाजूला साडेतीन मीटर. सायकलवाला रस्त्याच्या कडेपासून अर्धा मीटर आत चालवतो, कारण कडेला खडी असते, डांबर तुटलेलं असतं, काचा असतात. त्याच्या हँडलची रुंदी साठेक सेंटिमीटर. झाले एक मीटर दहा. त्याच्या आणि आपल्यामध्ये दीड मीटर मोकळं सोडायचं धरू. झाले दोन मीटर साठ. आपली गाडी, आरसे धरून, एक मीटर नव्वदच्या आसपास. एकूण साडेचार मीटर.

लेन किती? साडेतीन. गाडी किमान एक मीटर रेघेपलीकडे जाणारच. अंतर दीडऐवजी एक मीटर केलं तरी अर्धा मीटर पलीकडे जाणार. म्हणजे रेघेच्या आत राहून सायकलला नीट ओलांडणं या रस्त्यावर गणितातच बसत नाही. जो आत राहून ओलांडतो, तो ते अंतर सायकलवाल्याच्या वाट्यातून काढून घेत असतो.

आणि पलीकडे? समोरून एसटी येत असेल तर तिला तिच्या साडेतीन मीटरपैकी अडीच मीटर उरतात. एसटीची स्वतःची रुंदीच तेवढी. म्हणजे समोरून वाहन येत असताना ‘थोडंसंच बाहेर काढतो’ हा प्रकार सायकलवाल्यालाही धोक्याचा आणि एसटीवाल्यालाही.

टीमच्या आउटिंगला आम्ही मुळशीकडे चाललो होतो तेव्हा आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हर काकांनी हे सगळं गणित एका वाक्यात सांगितलं होतं. पुढे दोन शाळकरी मुली सायकलवर. काका सेकंड गिअरवर मागे मागे. आमच्यातल्या एकाला राहवेना. तो म्हणाला, ‘काका, निघेल की एवढ्यातनं.’ काका आरशात बघत म्हणाले, ‘सर, निघायचं तर पूर्ण पलीकडच्या लेनमधनं निघायचं, नाहीतर मागं थांबायचं. मधलं काही नसतं.’ पुढे वळण संपलं, रस्ता सरळ झाला, रेघ तुटक झाली. काकांनी इंडिकेटर दिला, अख्खी गाडी पलीकडे घेतली, मुलींना ओलांडून परत आले. हॉर्न एकदाच, लांबून, हलका. मुलींनी मान वळवूनही बघितलं नाही. चांगल्या ओव्हरटेकची ही खूण असावी: ज्याला ओलांडलं त्याच्या लक्षातही राहत नाही.

दीड मीटर कशाला?

‘एवढं मोठं अंतर कशाला? मी धक्का थोडीच देतोय?’ हा पुढचा प्रश्न. ज्यांनी कॉलेज संपल्यावर सायकलला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी उत्तर.

एक, सायकल कधीच दोरीत चालत नाही. ती डोलत चालते, चढावर तर जास्तच. दोन, सायकलवाल्याला जो खड्डा दिसतो तो तुम्हाला दिसत नाही. तो चुकवायला तो अचानक फूटभर उजवीकडे येणार. पावसाळ्यात पाण्याखाली काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. तीन, हवा. मोठं वाहन वेगात जवळून गेलं की आधी बाजूला ढकलतं आणि पाठोपाठ आत ओढतं. साठच्या स्पीडने बस कोपराजवळून गेली की काय होतं हे ज्याने अनुभवलंय त्याला दीड मीटर कमीच वाटेल. चार, सायकल पडली की फक्त कडेला पडते असं नाही. ती रस्त्याच्या आतही पडते, माणसासकट. मधलं अंतर त्या पडण्यासाठीही असतं.

आणि तो हॉर्न! लंच टेबलवरची पहिली थिअरी. अगदी मागे जाऊन कर्कश हॉर्न मारला की माणूस दचकतो, हँडल हलतं, किंवा तो वळून मागे बघतो. वळून बघताना सायकल कुठल्या बाजूला सरकते? ज्या खांद्यावरून मान वळवली त्या बाजूला. आपल्याकडे उजव्या. म्हणजे सरळ तुमच्यासमोर.

मग नियमच का बदलत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. कारण तिसऱ्या थिअरीवाल्याच्या बोलण्यात एक खरा मुद्दा लपलेला आहे. ट्रकला ओव्हरटेक करणं आणि सायकलला ओव्हरटेक करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशोब करून बघा. ट्रक चाळीसने चाललाय, तुम्ही साठने. दोघांमधला फरक वीसचा. मागून बाहेर पडून, ट्रक ओलांडून, पुढे सुरक्षित अंतरावर परत येईपर्यंत जवळजवळ दहा सेकंद जातात. तेवढ्यात तुम्ही १६० मीटर गेलेले असता आणि समोरून साठने येणारा तेवढाच अलीकडे आलेला असतो. म्हणजे सव्वातीनशे मीटर स्वच्छ रस्ता हवा. सायकल पंधराने, तुम्ही पन्नासने. चार सेकंदांत काम होतं. समोरच्याचं अंतर धरूनही सव्वाशे मीटर पुरतात. वर थोडी मार्जिन ठेवा, पण तरीही निम्म्याहून कमी. एकच अखंड रेघ या दोन्ही प्रसंगांना सारखाच ‘नाही’ म्हणते.

म्हणून काही देशांनी सायकलसाठी वेगळी खिडकी उघडली. आपल्यासारखं डावीकडून चालवणाऱ्या ब्रिटनमध्ये, तुमच्या बाजूची रेघ अखंड असली तरी रस्ता मोकळा असेल तर सायकल, घोडा किंवा रस्त्याच्या देखभालीचं वाहन ओलांडायला ती पार करता येते. अट एकच, पुढचा ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगात हवा. गंमत बघा, सायकलवाला तगडा निघाला आणि पंचवीसने चालला तर सवलत रद्द! बसा मागे. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या हायवे कोडमध्ये आणखी एक भर पडली: ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर सोडा, वेग जास्त असेल तर आणखी.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने एप्रिल २०१४ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या रस्त्यावर एक मीटर, त्यावर दीड मीटर अंतर सक्तीचं. आणि ते अंतर देता यावं म्हणून, पुढचं स्वच्छ दिसत असेल आणि सुरक्षित असेल तर दुहेरी अखंड रेघही ओलांडायला परवानगी. फ्रान्समध्ये अंतराचा नियम होताच, गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड. २०१५ मध्ये त्यांनी समोर पुरेसं दिसत असेल तर सायकलसाठी अखंड रेघेवरून जायलाही मुभा दिली.

आणि कॅलिफोर्निया, म्हणजे आपल्यातल्या अर्ध्या मंडळींचं ऑनसाइट माहेर? तिथे गाडी वेगळ्याच वळणावर अडली. सायकलपासून तीन फूट अंतराचा कायदा सप्टेंबर २०१४ पासून लागू झाला. पण त्याआधी, २०१२ मध्ये, दुहेरी पिवळी रेघ ओलांडायची परवानगी देणारं विधेयक गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी व्हेटो करून परत पाठवलं होतं. त्यामुळे तिथे अंतर द्यायची सक्ती आहे, पण त्यासाठी दुहेरी पिवळी रेघ ओलांडायची मुभा नाही. जागा नसेल तर वेग कमी करा आणि सुरक्षित होईल तेव्हाच जा. म्हणजे बे एरियातल्या डोंगराळ रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या तुमच्या मित्राला शनिवारी सकाळी तेच करावं लागतं जे मुळशीला काकांनी केलं: मागे थांबणं. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून चार फूट अंतर आहे आणि ते देण्यासाठी रेघ ओलांडायची सोयही. म्हणजे एकाच देशात दोन उत्तरं.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे चित्र कॅलिफोर्नियाच्या बरोबर उलटं आहे. रेघ आहे, अंतराचा आकडा नाही. १९८९ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की रस्ता पिवळ्या रेघेने विभागलेला असेल तर एकमेकांना ओव्हरटेक करताना ती ओलांडायची नाही. त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आले. अखंड रेघेची मनाई राहिली. सोबत पादचारी, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं यांची विशेष काळजी घ्या, असंही सांगितलं गेलं. विशेष काळजी म्हणजे किती सेंटिमीटर, ते तुमच्या माझ्या अकलेवर सोडलेलं आहे.

शिक्षा मात्र अकलेवर सोडलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात, बेकायदा पद्धतीने ओव्हरटेक करणं हे ‘धोकादायक ड्रायव्हिंग’च्या यादीत नाव घेऊन आलंय. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ‘समोर कोणी नव्हतं’ हे कोर्टात सांगून बघायला हरकत नाही.

मग आपल्याकडेही सायकलसाठी रेघेची सवलत हवी का? माझं मत विचाराल तर, एवढ्यात नको. आधी अंतराचा आकडा येऊ दे. जिथे अखंड रेघ बऱ्याच जणांना रस्त्यावरची रांगोळी वाटते, तिथे ‘सायकल असेल तर चालेल’ म्हटलं की उद्या प्रत्येक वळणावर प्रत्येकाला सायकल दिसायला लागेल. क्वीन्सलँडवाल्यांनी सवलत दिली ती अंतराच्या सक्तीसोबत, एका पॅकेजमध्ये. नुसती सवलत उचलणं म्हणजे बिर्याणीतले फक्त काजू वेचण्यासारखं आहे. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सायकलवाले हजारोंनी होते. नियम सैल करायचा तर आधी कुठला घट्ट करायचा, हे ठरवायला हा आकडा पुरेसा आहे.

तोपर्यंत काय करायचं?

कायदेशीर आणि सुरक्षित, दोन्ही जमवायचं असेल तर रेसिपी अशी.

सायकल दिसली की आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. मागे दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवा. एकदम चिकटलात तर तुम्हालाच पुढचं दिसत नाही. रेघ अखंड असेल तर विषय संपला, मागे राहा. तुटक झाली की आरसा, इंडिकेटर, समोरचा रस्ता. जवळ जवळ दोनशे मीटर स्वच्छ दिसतंय? मग पूर्ण पलीकडच्या लेनमध्ये जा, तिरकं तिरकं नाही. आतल्या आरशात अख्खी सायकल दिसली की मगच परत डावीकडे या. लवकर आलात तर ओव्हरटेक नीट करूनही शेवटी त्याला कडेला दाबलंत असं होतं.

समोरून वाहन येत असेल तर थांबा, रेघ तुटक असली तरी. पुढे चौक, फाटा, गावातली वस्ती असेल तर थांबा. उतारावर सायकल चाळीसने सुसाट चालली असेल तर ओव्हरटेकचा विचारच सोडा. तिथे ती सायकल नाही, एक बिनहेडलाइटची बाइक आहे.

आणि मागचा एसयूव्हीवाला? त्याच्या हॉर्नमध्ये जादू नाही. हॉर्न वाजल्याने समोरचं वळण सरळ होत नाही. इंडिकेटर न देता शांतपणे आपल्या लेनमध्ये राहा. जास्तच झालं तर जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या. तुमच्या पुढची सायकल मग त्याचा प्रश्न. त्याने तो नीट सोडवावा एवढी इच्छा करू.

किती वेळ जातो या सगळ्यात? पंधराच्या स्पीडने सायकलमागे ३०० मीटर चाललात तर ७२ सेकंद लागतात. पन्नासने गेला असतात तर २२ लागले असते. तोटा पन्नास सेकंदांचा. पुढच्या टपरीवर चहा ‘कटिंग की फुल’ ठरवायला आपण याहून जास्त वेळ घेतो.

सायकलवाल्यांनो, तुम्हीही

हेल्मेट, चकचकीत जर्सी आणि अर्ध्या लाखाच्या सायकलवाली वीकेंड गँग हा कॉलम वाचते, हे मला माहीत आहे. तुमच्यासाठीही दोन शब्द. पहाटे निघताना मागचा लाल दिवा चालू ठेवा. वळताना हात दाखवा. दहा जण एकामागे एक लांबलचक रांगेत चाललात तर ती रांग पस्तीस-चाळीस मीटरची होते, आणि ओव्हरटेक करणारा मध्येच अडकतो. जोडीजोडीने चाललं की रांग निम्मी होते. ब्रिटनचा हायवे कोड म्हणूनच जोडीने चालायला मुभा देतो, मोठ्या ग्रुपसाठी ते जास्त सुरक्षित असू शकतं असंही म्हणतो. पण सोबत हेही सांगतो की मागच्यांची जाणीव ठेवा आणि सुरक्षित असेल तिथे त्यांना जाऊ द्या. आपल्या अरुंद रस्त्यांवर याहून सोपा उपाय म्हणजे चार-चारचे छोटे ग्रुप आणि मध्ये एक गाडी मावेल एवढी फट. पाठीमागे दहा गाड्या साठल्या असतील तर कडेला दोन मिनिटं थांबून पाणी प्यायला काय हरकत आहे?

पण खरं सांगू? पुढच्या वळणावर भेटणारी सायकल बहुतेक वेळा या गँगची नसतेच. तिच्यावर दुधाच्या किटल्या असतात. नाइट ड्युटी संपवून घरी निघालेला वॉचमन असतो. दप्तर पाठीला लावलेली आठवीतली मुलगी असते. त्यांच्याकडे हेल्मेट नाही, मागचा दिवा नाही, आणि तो रस्ता सोडून दुसरा रस्ताही नाही. आपण तिथे वर्षातून चार वेळा जातो, ते रोज दोनदा. लेन कोणाची, हे ठरवायचंच झालं तर त्यांचा क्लेम आपल्याहून स्ट्राँग आहे.

तर मंडळी, या शनिवारी जिथे कुठे जाणार असाल तिथे निघण्याआधी गाडीतल्या चौघांत हा एक सवाल टाकून बघा. चार जणांचं एकच उत्तर आलं तर पार्टी माझ्याकडून. आणि नाही आलं तर चाबी त्याच्या हातात द्या, जो म्हणाला, ‘मागे थांबायचं.’